चुनखडीतली चीर

"गंज कुठाय, दुसाने? दाखवा मला. एक ठिपका दाखवा."

कुलथे साहेब खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. मी खाली, पुरुषभर खोल खड्ड्यात, पाइपाशेजारी उकिडवा बसलो होतो. भर दुपार होती. काळ्या मातीच्या भिंतींतून ओल पाझरत होती आणि त्यात चुनखडीचे पांढरे खडे दातांसारखे चमकत होते.

"गंज नाही, हेच तर सांगतोय," मी म्हणालो.

"म्हणजे गंज नाही म्हणून पाइप खराब? वा! उद्या म्हणाल, ताप नाही म्हणून पेशंट गेला."

काठावरचे दोघंतिघं मजूर हसले. मी हसलो नाही. हातातला पांढरा चिकट साका मी त्यांच्या बुटांपुढे काठावर थापला.

"पट्टीखाली हे साठलंय. पाइपाला गुंडाळलेली पट्टी सुटलीय, साहेब. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. दरवर्षी थोडं थोडं ओढून तिनं पाइपावरच्या पट्टीला सुरकुत्या पाडल्या. त्या पोकळीत पाणी शिरलं. चुनखडीचं पाणी. गंज रोखायला आपण पाइपाला देतो तो विजेचा करंट तिथं नीट पोचत नाही. वर मोजलं की सगळं उत्तम दिसतं, आणि आत हे चाललंय."

"काय चाललंय? पोलाद तर नव्यासारखं आहे."

"खाली या. मग बोला."

बोलताना माझा आवाज चढला होता. कुलथे तेलाच्या नळाच्या या पट्ट्याचे व्यवस्थापक, मी कंपनीनं बाहेरून बोलावलेला तपासणी इंजिनियर. दोघांच्याही भिंतीवर पदव्या होत्या. फरक एवढाच, की त्यांना पंप सुरू करायची घाई होती. दिवाळी तोंडावर आलेली, पुढचे डेपो कोरडे पडत चाललेले, रोज वरून फोन. या नळातून पाळीपाळीनं पेट्रोल आणि डिझेल जायचं. त्या दिवशी आत पेट्रोल होतं. खोदकामासाठी दाब बराच उतरवून ठेवला होता, आणि तो उतरवलेला दाब कुलथ्यांच्या छातीवर बसला होता.

ते शिडीवरून उतरले. मी पाइप घासून स्वच्छ केला होता, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला होता. आता चुंबक टेकवलं आणि वरून लोखंडाच्या बारीक कणांची काळी शाई फवारली. धड पोलादावर शाई पसरून जाते. जिथं चीर असते तिथं ती गोळा होते, चिरेला धरून बसते.

बसली. केसाएवढ्या काळ्या रेघा, शेजारी शेजारी, सगळ्या एकाच दिशेला, पाइपाच्या लांबीला धरून. पांढऱ्या कपाळावर ओले केस चिकटावेत तशा. मधल्या काही रेघा एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या आणि त्यांची एकच लांब रेघ झाली होती.

कुलथ्यांनी वाकून एका रेघेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "घासताना ओरखडे पडले असतील."

तिथं माझं डोकं फिरलं. त्यांना कळलं नसतं तर मी समजावून सांगितलं असतं, दहा वेळा सांगितलं असतं. पण त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना कळलंय.

"ओरखडे? हा पाइप रात्रंदिवस आतल्या दाबानं ताणलेला आहे. पंप लागला की ताण वाढतो, बंद झाला की उतरतो. पंपघर जवळ, त्यामुळे आतला माल गरम. ताणलेलं पोलाद आणि त्याला चिकटून हे पाणी. गंज निदान वरून खातो, दिसतो तरी. हे खात नाही, साहेब, हे चिरतं. आतल्या आत. या रेघा किती खोल गेल्यात मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. हा तुकडा कापून बदलेपर्यंत दाब वाढवायचा नाही."

"आणि डेपोला काय सांगू? दुसान्यांना रेघा दिसल्या म्हणून?"

"सांगा. आणि तो मंडप हलवा."

दोघांनी एकदमच वर पाहिलं. वरून मृदंगाचा आवाज येत होता.

लिंबाखेडा गावाचा हरिनाम सप्ताह नळाच्या पट्ट्यावरच बसला होता. नळ पुरलेल्या जमिनीवर झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही, खोल नांगरट करायची नाही, असा नियम. त्यामुळे सगळ्या शिवारात तेवढीच जागा सपाट आणि मोकळी. गावाला वाटायचं, देवानंच आखून दिलीय. कुलथ्यांनी परवानगी दिली, कारण नळ फोडून तेल चोरणाऱ्यांवर हेच गाव नजर ठेवायचं. नियमाविरुद्ध होतं, पण दोघांच्याही सोयीचं होतं. मंडप खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि मंडपापलीकडे स्वयंपाकाच्या चुली.

मला राग आला त्याचं आणखी एक कारण होतं. रोज काम संपलं की हातपाय धुऊन मी त्या मंडपात जाऊन बसायचो. लहानपणापासून कीर्तनाचं वेड. कुठल्याही गावात कामाला गेलो की आधी चौकशी करायची, इथं कीर्तन कधी असतं. आणि रंगनाथ महाराज ढाकण्यांसारखा गळा मी फार थोड्यांचा ऐकला आहे. ते अभंगाचा एकच चरण घ्यायचे आणि तो असा उलगडायचे की समोरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पुढच्याच वाक्याला तीच म्हातारी माणसं पोट धरून हसायची. पहिल्याच संध्याकाळी कौसाबाईंनी, म्हणजे तिथल्या चुलींच्या मालकिणीनं, मला पत्रावळीवर बसवून वाढलं होतं. "कामाचा मानूस असा लाजत खातो व्हय रं?" म्हणत आणखी एक भाकरी टाकली होती. त्या माणसांच्या पायाखाली हा नळ होता.

"मंडपाचं तुम्हीच सांगा गावाला," कुलथे शिडी चढता चढता म्हणाले. "तुमचं ऐकतात. मी सांगितलं तर म्हणतील, साहेब फिरला."

मी तसाच चिखलानं भरलेला महाराजांकडे गेलो. ते मंडपामागच्या सावलीत घशाला आराम देत बसले होते. शेजारी किसनतात्या वीणा गळ्यात घालून उभे. त्यांचा पहारा चालू होता. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि नाम थांबत नाही.

मी सगळं सांगितलं. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उद्या काला आहे, दुसाने. उद्या दुपारी मंडप आपोआप निघेल."

"उद्या नाही, महाराज. आज. आत्ता."

"सप्ताह मोडून?"

"माणसं आहेत इथं. बायका, लेकरं."

"नामात बसलेत ते," किसनतात्या मधेच म्हणाले. "ह्या जागंला काई व्हत न्हाई. तीन साल झाले बसतोय आमी हितं."

"तात्या, तीन वर्षांत काही झालं नाही कारण फुटायला तेवढा वेळ लागतो!" मी ओरडलोच. "नळाला कळतं का वर कोण बसलंय? त्याला नाम ऐकू येतं का?"

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. महाराजांच्या कपाळावर आठी पडली. "हळू बोला. ही वीणा गळ्यात घेतलेला माणूस आहे समोर."

"मग त्याला वाचवा की!"

"काला होऊ द्या," ते म्हणाले. बस. एवढंच. मी त्यांना नमस्कार न करता निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मला कीर्तनकाराचा राग आला होता, आणि तो साधासुधा नव्हता. ज्यांच्या तोंडून दया, क्षमा, भूतमात्र हे शब्द ऐकून मी मऊ झालो, त्याच माणसाला समोरच्या लेकरांचे जीव दिसू नयेत!

परत आलो तर खड्ड्याच्या काठावर माती लोटायचं यंत्र येऊन उभं राहिलं होतं.

"बुजवतोय," कुलथे म्हणाले. "संध्याकाळी पंप लावायचाय. पुढच्या महिन्यात निवांत कापू तुमचा तुकडा."

शिडीनं खाली उतरलो आणि शिडी ओढून आत घेतली. मजुरांना मी आधीच वर घालवलं होतं.

"हे काय नाटक?"

"नियम तुम्हाला माहीत आहे. खड्ड्यात माणूस असेपर्यंत दाब वाढवता येत नाही. मी बसतो इथं. कंपनीच्या मोठ्या साहेबांना फोन लावा, मला द्या, मी बोलतो. नाहीतर माती टाका माझ्या अंगावर."

"दुसाने, बाहेर या. लोक बघतायत."

"बघू द्या."

ते शिव्या पुटपुटत जीपकडे गेले. मी पाइपाला पाठ टेकून बसलो. भोवती ओल्या मातीचा वास. वरून हरिपाठाचा घोष येत होता. संध्याकाळच्या कीर्तनासाठी माणसं जमू लागली असावीत, कारण टाळांचा आवाज दाट होत चालला होता. माझ्या डोक्यात मात्र भांडणच चालू होतं, एकदा कुलथ्यांशी, एकदा महाराजांशी, आणि मधेच पांडुरंगाशीही, की बाबा, तुझी माणसं तू तरी सांभाळ, मला का मधे घातलंस.

बऱ्याच वेळानं कुलथे काठावर आले. चेहरा एकदम मवाळ. हातात चहाचा कागदी पेला. दोरीला डबा बांधून त्यातून तो पेला त्यांनी खाली सोडला.

"बसा. रागावू नका. मुख्यालयात बोललोय. विचार करतो म्हणालेत."

"दाब?"

"दाबाचं काही नाही. आहे तसाच आहे. तुम्ही चहा घ्या."

मी पेला घेतला. उष्टावणार, तेवढ्यात चहावर बारीक तरंग उठताना दिसले. माझाच हात हलत असेल म्हणून मी पेला पाइपावर ठेवला. तरंग थांबले नाहीत. उलट दाट झाले, एकात एक गोल. मी पाइपाला कान लावला. लांबून, पोलादातून, एक घरघर येत होती.

पंप चालू होता.

"कुलथे!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पंप कधी लावला?"

"कोण म्हणतं पंप—"

"मी खड्ड्यात असताना पंप लावला?"

"थोडाच वाढवलाय, दुसाने. थोडाच. काही होत नाही, घाबरता उगाच—"

मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. पांढऱ्या रंगावरच्या त्या लांब काळ्या रेघेत मधोमध एक चमक आली होती. घामाचा थेंब यावा तशी. मग शेजारी दुसरी. थेंब फुगला, खाली ओघळला आणि शाई धुऊन घेऊन गेला. वास आला. पेट्रोल.

शिडी कशी लावली, वर कसा आलो, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की कुलथ्यांच्या सदऱ्याची कॉलर माझ्या मुठीत होती.

"बंद करायला सांगा!"

"आधी खात्री करून—"

"वास घ्या! नाक आहे ना? वास घ्या!"

त्यांना वास आला. तोंड पांढरं पडलं. लांब जाऊन त्यांनी फोन लावला, आणि मी मंडपाच्या दिशेनं पळालो. पंप बंद झाला तरी नळातला दाब लगेच उतरत नाही, हे मला माहीत होतं. मजुरांना मी यंत्र सोडून वाऱ्याच्या उलट पळायला सांगितलं.

आधी चुली. कौसाबाई पदर खोचून वरणाच्या पातेल्यात डाव फिरवत होत्या. लाकडं धडधडून पेटली होती.

"विझवा! चुली विझवा, कौसाबाई, पेट्रोल फुटलंय!"

"आन वरन? सगळ्या गावाचं हाय!"

"गाव राहिलं तर वरण!"

त्यांनी डाव बाजूला टाकला. मग शेजारच्या पिंपातून त्यांनी घागर भरली आणि पहिल्या चुलीत ओतली. राखेचा लोट उठला. "काय बघता गं?" त्या बाकीच्या बायकांवर कडाडल्या. "वता पानी! साऱ्या चुलीत वता! आन निखारा ऱ्हायला तर माती टाका!"

मंडपात महाराज उभे होते. अभंगाचा चरण ओठांवर होता आणि शेपन्नास टाळ त्याच्याबरोबर चालले होते. मी मधून शिरलो, चिखलाचे बूट घालून, बसलेल्या माणसांमधून.

"ए, बूट काढ!" "कीर्तनात बूट? लाज हाय का?" कुणीतरी माझा हात धरला. मी झिडकारला. महाराजांसमोर जाऊन उभा राहिलो. ते गायचे थांबले नाहीत. डोळ्यांत मात्र राग उतरला.

"नळ गळतोय," मी म्हणालो. "आत्ता. चुली विझवल्यात. माणसं उठवा."

त्यांनी चरण पुरा केला. टाळ खाली आले, पण किसनतात्यांची वीणा वाजतच होती. तात्यांनी ती छातीशी घट्ट धरली होती, जणू मी हिसकावूनच घेणार होतो.

"वीणा ठेवणार न्हाई मी," तात्या म्हणाले. "जीव गेला तरी."

"ठेवा कुणी सांगितलं?" रागानं माझा घसा फाटला. "गळ्यातच असू द्या आणि चाला! नाम थांबवू नका, नुसतं चाला! शाळेकडे, वारा आडवा धरून! पाय तर कुणी बांधले नाहीत ना तुमचे?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला राग गेला होता. ते पाटावरून खाली उतरले, तात्यांच्या दंडाला धरून त्यांना मंडपाबाहेर वळवलं आणि वळता वळता तोच चरण पुन्हा उचलला, माइकशिवाय, भरल्या छातीनं. मग मागे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "विडी, काडी, बॅटरी, फोन, कशाला हात लावायचा नाही. म्हातारी माणसं आणि लेकरं मधे घ्या. टाळ चालू ठेवा. चला."

आणि गाव चाललं. ढकलाढकली नाही, किंचाळणं नाही. टाळांचा ठेका होता, त्या ठेक्यावर पाय पडत होते. नुसतं "पळा" म्हटलं असतं तर त्या अरुंद बांधावर माणसं तुडवली गेली असती, हे मला नंतर सुचलं. सगळ्यांच्या मागे कौसाबाई, एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन.

आम्ही शाळेच्या टेकाडावर पोचलो तेव्हा मागून एक आवाज आला. जाड कापड फाडल्यासारखा. मग खड्ड्यातून पांढरट फवारा उठला, मंडपाच्या छतापेक्षा उंच, आणि वाऱ्यानं वाकून मंडपावरच कोसळला. कनाती भिजून काळ्या पडल्या. पाट, सतरंज्या, विझलेल्या चुली, वरणाची पातेली, सगळ्यावर पेट्रोलचा पाऊस पडत होता. एक ठिणगी नव्हती. एकही नव्हती.

तात्यांची वीणा तेवढी वाजत होती.

फवारा हळूहळू बसला. गाड्या आल्या, फेस मारला गेला, रस्ते बंद झाले.

काल्याचं कीर्तन दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात झालं. महाराजांचा घसा बसला होता, पण त्या बसलेल्या गळ्यानं जे गायले ते मी विसरलो नाही. कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, आणि रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. तिथं लहानमोठं कुणी नसतं. सावकार गड्याच्या पाया पडतो, सासू सुनेच्या. महाराज माझ्या पाया पडले, मी त्यांच्या. माझे खांदे त्यांनी जोरात दाबले, आणि माझ्या मनातला त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे निवला.

मग गर्दीतून कुलथे आले. इस्त्रीचे कपडे, कपाळाला बुक्का. सगळ्यांदेखत ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला भरून आलं. माणूस चुकतो, म्हटलं, वाकला ना. मीही वाकायला निघालो.

तेवढ्यात खालून कुजबुज आली. "माणसं उठायच्या आधीच पंप लावला होता ते चौकशीत काढू नका, दुसाने. नळ आपोआप फुटला म्हणा. तुमचं पुढचं काम माझ्याकडे लागलं."

मी पाय मागे ओढले.

इतक्या झटक्यात ओढले की त्यांचं डोकं मातीला टेकलं. आजूबाजूचे हात थांबले. काल्याच्या नमस्कारातून कुणी पाय काढून घेतलेला त्या पटांगणात कुणी पाहिला नव्हता.

"दुसाने," महाराज बसलेल्या आवाजात म्हणाले, "काय झालं?"

"हे काय म्हणाले ते यांनाच विचारा."

कुलथे उठले, कपाळाची माती झटकत. "काही नाही, महाराज. माफी मागत होतो."

कौसाबाई काल्याचं पातेलं काखोटीला मारून ओळीनं वाटत येत होत्या; ती कुजबुज त्यांच्या कानावर पडली असावी. त्या आमच्यापाशी थांबल्या. माझ्या हातावर लाह्या-दही ठेवलं. मग कुलथ्यांपुढे उभ्या राहिल्या. सगळे बघत होते, आता काय करतात. प्रसाद कुणाला नाकारत नाहीत. त्यांनी मूठ भरून काला त्यांच्याही तळव्यावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "पर आदी सांग. काल नळात तेल कवा सोडलं? मंडपात आमी बसलेलो असतानी का आमी उठल्यावर?"

कुलथ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं नाही. त्यांच्या बोटांतून दही मनगटावर ओघळू लागलं, तिथून बाहीत.

"बसलेले असताना," ते म्हणाले.

"आन हा मानूस कुटं व्हता?"

"खड्ड्यात."

"मोठ्यानं," कौसाबाई म्हणाल्या. "माजी सासू बहिरी हाय. काल तिला पाठीवरून आनलीय म्या. तिला ऐकू जाऊ दे."